बरक्यातलं एक विरोधी मत

मस्कतला जाऊन आलो म्हटल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मोठी मशीद पाहिली, एक किल्ला बाहेरून पाहिला (आत दुरुस्ती चालू होती), आणि समुद्र तर तिकडे लागेल तेवढा आहे. यातलं काही मी इथे लिहिणार नाही, कारण ते आपल्यापैकी निम्म्यांनी फोनवर आधीच पाहिलेलं असतं. मी लिहिणार आहे ते बरका नावाच्या गावातल्या एका काकडीच्या शेतात भरलेल्या सभेबद्दल. सभा बल्गेरियातल्या तुर्कांच्या राजकीय पक्षाची होती आणि तिचा निवडणूक अधिकारी मी होतो. हसलात तरी चालेल. नासिरही हसला होता.

हे छापण्याआधी नासिरला विचारलं. उत्तर द्यायला त्याने तीन आठवडे लावले आणि मग एवढाच निरोप पाठवला: ‘लिही. माझं नाव बदलू नकोस. आणि स्वतःला फार रडका दाखवू नकोस, तुला ते आवडतं.’

जाण्याआधी

सोळा वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नासिर परकार मूळचा दापोलीकडचा, माझ्याच कंपनीत नोकरीला होता आणि तळमजल्यावर घाटे सरांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. घाटे सर गणिताचे निवृत्त शिक्षक. रमजानमध्ये काकू पहाटे त्याच्या दारावर हळूच टकटक करून त्याला उठवायच्या. त्याने गजर लावला तर सर जागे व्हायचे आणि मग दिवसभर सगळ्या बिल्डिंगला त्याचा हिशोब द्यावा लागायचा.

मग दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला आणि नासिरने तो घ्यायचं ठरवलं. मालक तयार, बँक तयार, सोसायटीचं ना हरकत पत्र तेवढं हवं होतं. विषय सर्वसाधारण सभेत आला तो ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात, चहा येऊन गार झाल्यावर. अध्यक्ष म्हणाले, “पुढे त्रास नको.” कसला त्रास, हे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. तरी पाच हात वर झाले. घाटे सर, काकू, तिसऱ्या मजल्यावरचे गोखले आणि जोशी बहिणी. “पोरगा चांगला आहे, आम्हाला चालेल,” असं काकू स्वच्छ म्हणाल्या. बाकीचे छताकडे, चपलांकडे, एकमेकांकडे बघत राहिले. विरोधात कोण, हे मी विचारलंच नाही. मी टेबलाशी बसून इतिवृत्त लिहीत होतो. लिहिणाऱ्याचा हात अडकलेला असतो, तो वर कसा करणार, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

मी लिहिलं: ‘सभेने सर्वानुमते ना हरकत पत्र न देण्याचे ठरविले.’

आमच्याकडे इतिवृत्त असंच लिहितात. पाण्याची टाकी, गणपतीची वर्गणी, जिन्याचा रंग, सगळं सर्वानुमते. भांडणं जिन्यात होतात, वहीत कायम एकमत असतं. पण मी तिथेच थांबलो असतो तर ही सवयीची चूक म्हणता आली असती. दुसऱ्या दिवशी वहीची नक्कल नासिरच्या हातात देताना त्याचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, “सगळे विरोधात गेले रे. मी एकट्याने हात वर केला.”

त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. दोन महिन्यांत तो मेहुण्याकडे मस्कतला निघून गेला. घाटे सरांना, काकूंना भेटलाही नाही. “नासिर फोन का करत नाही रे?” असं काकू मला जिन्यात विचारायच्या. “कामात असतो,” मी म्हणायचो. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. मी नासिरला फोनवर सांगितलं, तर “अच्छा,” म्हणाला आणि तिकडच्या उकाड्याबद्दल बोलू लागला.

मी बोललो नाही. बोलण्याचा माझा पिंड नाही, असं घरात समजतात. माझी बायको मीनल तसं समजत नाही. या वर्षी तिनेच तिकीट काढून दिलं. “एकदाचं सांगून या,” म्हणाली, “आणि नाही सांगितलंत तर तिकडून खजूर आणायचीही तसदी घेऊ नका.”

हमरिया

हमरिया हा मस्कतमधल्या रुवी या भागाला चिकटलेला जुना, दाटीचा मोहल्ला. शिंपी, मोबाइलवाले, न्हावी, मसाल्याची दुकानं. आणि दर दहा पावलांवर कोणीतरी आपल्या ओळखीची भाषा बोलत असतं. नासिरचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली त्याचं भाजीच्या क्रेट आणि खोक्यांचं गोदाम. बाहेर पाटीवर ठळक अक्षरात ‘परकार’. पाटीकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असणार, कारण नासिर म्हणाला, “काय बघतोस? ना हरकत मागितली नाही कोणी.”

टोमणा मला नव्हता, हीच तर अडचण होती.

शमीम वहिनींनी सुरमईचं सालन आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मी लहानपणापासून शाकाहारी, पण नासिरने मला पुण्यात असतानाच बिघडवलेलं. वहिनी वाढत होत्या आणि मी नको म्हणत होतो.

“अवो श्रीभाऊ, नको कशाला? तुमच्यासाठीच केलंय. दुसऱ्या कुणाला मी नाय विचारत.”

“शमीम, त्याला वाढ. पुण्यात पाहुण्याला ‘जेवून आलाच असाल’ असं विचारतात. बिचाऱ्याला आग्रहाची सवय नाही.”

त्यांची मुलगी सानिया अकरावीत आहे, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिचं मराठी जपून टाकलेल्या पावलांसारखं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने वाक्य जुळवलं, “काका, तुम्हीच ना ते... हात वर केलेले काका?”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

“हेच ते,” नासिर म्हणाला. “बत्तीस बिऱ्हाडांत एक. तुला सांगतो ना मी, माणूस एक पुरतो.”

“सो कूल,” सानिया म्हणाली, आणि मला तिच्या ताटातला सुरमईचा मधला तुकडा दिला. तो खाताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. नासिरने रडका होऊ नकोस असं बजावलं आहे.

त्याच जेवणात त्याने बेत सांगितला. बरक्याच्या एका शेतावर हुसेयिन नावाचा माणूस ग्रीनहाउसचा व्यवस्थापक आहे. नासिर त्याच्याकडून काकडी उचलतो. हुसेयिन बल्गेरियातला तुर्क. बल्गेरियात तुर्क कुठून आले, हे मी विचारलं, तेव्हा नासिर म्हणाला, “जिथून आपल्याकडे सगळे आले तिथूनच. राज्य आलं, राज्य गेलं, माणसं राहिली.” तिथे त्यांचा पक्ष आहे. म्हणजे एक मोठा आहे, आणि त्यातून रुसून बाहेर पडलेला एक छोटा. हुसेयिन छोट्या पक्षाचा. ओमानमध्ये या पक्षाचे सात समर्थक. पण ओमानमध्ये राजकीय पक्ष हा प्रकारच नाही, तेव्हा शाखा वगैरे म्हणायची सोय नव्हती. म्हणून ते स्वतःला दही मंडळ म्हणवतात आणि महिन्यातून एकदा जमून खरंच दही खातात.

“आता झालंय असं,” नासिर म्हणाला, “गावाकडून विचारणा आली आहे. मोठ्या पक्षात परत जायचं की नाही, परदेशातल्या सगळ्यांनी मत कळवा. मतदान घ्यायचंय. पण सातही जण एकमेकांचे नातेवाईक नाहीतर शत्रू. बाहेरचा, निःपक्षपाती माणूस हवा. मी तुझं नाव सांगितलं.”

“माझं? मला काय कळतं त्यातलं?”

“सोसायटी चालवलीस ना? बल्गेरिया त्यापेक्षा सोपं असणार.” मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “आणि मी त्यांना सांगितलंय की हा एकट्याने हात वर करणारा माणूस आहे. त्यांना असाच पाहिजे.”

तेव्हा सांगायला हवं होतं. सानिया समोर बसली होती, म्हणून नाही सांगितलं. कारण कुठलं तरी सापडतंच.

बरका, शुक्रवार

मस्कतहून पश्चिमेला समुद्राच्या कडेकडेने तासाभरावर बरका. शुक्रवार तिकडे सुट्टीचा. सकाळी आधी मासळीबाजारात गेलो. नासिर एका ओमानी म्हाताऱ्याशी सुरमईवरून घासाघीस करत होता, दोघंही ‘खलास, खलास’ म्हणत आणि संपवत कोणीच नव्हतं. दापोलीकडच्या बंदरावर अशा वेळी तिसरा कोणीतरी मध्ये पडून सौदा तोडतो. इथे दोघं अचानक हसले, एकमेकांचे हात धरले आणि सौदा झालेला होता.

शेतावर आधी मालकांच्या बैठकीत जावं लागलं. उंच, शांत, पांढऱ्याशुभ्र पोशाखातला माणूस. हुसेयिन त्यांना अर्बाब म्हणतो. त्यांनी बोटभर उंचीच्या वाटीत कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, दिला. मी प्यायलो, वाटी पुढे केली, त्यांनी पुन्हा भरली. मला वाटलं, नको म्हणणं उद्धटपणाचं होईल. सहाव्या वाटीला माझं काळीज गळ्यात आलं तेव्हा नासिरने दया केली. “अरे, वाटी हलव. हलवली नाहीस तर ते मगरिबपर्यंत, अंधार पडेपर्यंत ओततील.” मी वाटी हलवली. मालकांनी अत्यंत सभ्यपणे हसू गिळलं. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात, तेवढाच हा प्रकार, पण कोणीतरी सांगावं लागतं.

हुसेयिन पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मिशा मोठ्या आणि खिशात नेहमी मंडळाचा शिक्का. शिक्क्यावर दह्याचं मडकं आहे. तो त्याने रुवीत करून घेतला आहे आणि मला तीन वेळा कागदावर मारून दाखवला. त्याचं इंग्रजी, नासिरचं अरबी आणि दोघांचं मोडकं हिंदी मिळून एक भाषा तयार होते. ती त्या दोघांनाच येते. बाकी सगळं नासिर मला मराठीत सांगत होता.

जुम्म्याच्या नमाजाला सगळे गेले तेव्हा मी हुसेयिनच्या मावशीपाशी थांबलो. तिचं नाव नेरीमान. साठीची, हडकुळी, एका हॉटेलच्या भटारखान्यात पेस्ट्रीचं काम करते. ती शेडमध्ये लांबलचक पातळ लाटण्याने बोरेक या थराथरांच्या भाजलेल्या पदार्थासाठी पोळी लाटत होती. आपल्या पुरणाच्या मांड्यांपेक्षाही पातळ, खालचं टेबल दिसेल इतकी. आमच्यात शब्द चारच: अच्छा, बस, खलास, गुड. तिने मला दही चाखायला दिलं. मी मान डोलावली, पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना, म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “पुणे, दही, गुड.” तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वाटी चाटून पुसून परत केली. नंतर नासिरकडून कळलं की ते विरजण तिने गावाहून आणलेलं. स्वच्छ फडकं दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, कपड्यांच्या घडीत ठेवून. माझी आत्या नागपूरहून तसंच आणायची.

सभा दुपारी तीन वाजता ग्रीनहाउसशेजारच्या पॅकिंग शेडमध्ये सुरू झाली. बाजूला काकड्यांचे ढीग, मध्ये लांब टेबल, टेबलावर बोरेक, छोट्या पेल्यांतून काळा चहा. हुसेयिन, नेरीमान, एक दंतवैद्य जोडपं, एक हॉटेलचा आचारी आणि विमानतळावरचे सरकते जिने सांभाळणारे दोघं भाऊ. सात जण. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, ते आचाऱ्यामार्फत एकमेकांकडे साखर मागत होते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हुसेयिनने प्रास्ताविक केलं, एकेक वाक्य आधी तुर्कीत, मग नासिरसाठी त्या दोघांच्या भाषेत. तो उभा राहिला की बसत नाही, हे सगळ्यांना माहीत असावं, कारण दंतवैद्यबाईंनी विणकाम काढलं. तो लहानपणची गोष्ट सांगत होता. तो नऊ वर्षांचा असताना सरकारने तिथल्या सगळ्या तुर्कांची नावं बदलली. शाळेत बाईंनी हजेरी घेतली, एक नवंच नाव तीनदा पुकारलं. ते आपलं नाव आहे हे हुसेयिनला घरून कोणी सांगितलेलं नव्हतं. आठवडाभर त्याची गैरहजेरी लागली, आणि तो रोज पहिल्या बाकावर बसलेला. सगळे हसले, तोही हसला. मग सरकार बदललं, नावं परत मिळाली आणि तुर्कांनी आपला पक्ष काढला. “पक्ष म्हणजे काय,” हुसेयिन म्हणाला आणि नासिरने माझ्या कानात मराठी केलं, “पक्ष म्हणजे आपली हजेरी आपणच घ्यायची.”

“छान बोलतो,” मी म्हणालो.

“दर महिन्याला हेच बोलतो,” नासिर म्हणाला.

मग चर्चा झाली. चर्चा म्हणजे सातही जण एकदम बोलत होते आणि बोरेक संपत होतं. मोठ्या पक्षाकडे मतं आहेत, ओळखी आहेत, गावचा रस्ता व्हायचा तर तिकडूनच होईल. छोट्याकडे फक्त अभिमान आहे आणि एक शिक्का. शेवटी हुसेयिनने टेबलावर थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. कागदपत्र कोणालाही वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहायचं ठरलं होतं. माझ्यापुढे कोरी वही होती.

“परत जाण्याच्या बाजूने कोण?” मी विचारलं.

हात वर झाले. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच वेळी. बरेच हात दिसले, मी मान खाली घातली आणि लिहू लागलो. शंभर सभांचं वळण त्या बोटांना होतं. ‘सभासदांनी युनॅनिमसली ठराव केला की...’

शेडमध्ये शांतता झाली म्हणून मी वर बघितलं. नेरीमान हात वर करून बसली होती. बाकीच्यांचे खाली आले होते, तिचा तेवढा वर होता. विरोधात कोण, हे मी अजून विचारलंच नव्हतं. ती तशीच वाट बघत होती.

हुसेयिन घाईने काहीतरी बोलला. नासिर म्हणाला, “तो म्हणतोय, राहू दे, लिहिलंस ते बरोबर आहे. मावशीला घरी समजावतो. सहा आणि एक असं गेलं तर गावाकडे म्हणतील, याच्या घरातलंच मत याच्या हातात नाही.”

नेरीमानने माझ्या वहीकडे बोट दाखवून विचारलं. काय लिहिलंय, हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. हुसेयिन मिशी कुरवाळत राहिला. शेवटी दंतवैद्यबाईंनी विणकामातून वर न बघता तो एक शब्द तिला तिच्या भाषेत सांगितला.

ती रागावली नाही. ती चहाचा पेला बशीत नीट ठेवून सावकाश बोलली, हुसेयिन एकेक वाक्य इंग्रजीत करत गेला आणि त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

“आमची नावं बदलली तेव्हाही कागदावर असंच होतं. सगळ्यांनी स्वखुशीने अर्ज केले. सगळ्या गावाने. माझ्या बापाचाही अर्ज होता, खाली सही होती. माझ्या बापाला सही येत नव्हती. तो मरेपर्यंत विचारायचा, मी नाही म्हटलं होतं, ते कुठे लिहिलंय? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. या मुलाने इथे मंडळ काढलं तेव्हा मी त्यात आले ती एवढ्यासाठी. जायचं तर जा मोठ्या पक्षात, सहा जण आहात. पण मी नाही म्हटलं, ते लिहा.”

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: बाजूने सहा, विरोधात एक. तिने खूण केली, नाव घाला. मग स्वतःच वही ओढून घेतली आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गावासकट लिहिलं. दीड ओळ झाली. हुसेयिनने जड मनाने मडक्याचा शिक्का मारला. “संपलो मी,” तो नासिरला म्हणाला. “आता गावात म्हणतील, मावशीचा पक्ष वेगळा.”

“तिलाच अध्यक्ष कर,” नासिर म्हणाला. “तुझ्यापेक्षा कमी बोलते.”

सगळे हसले आणि दोघा भावांतला थोरला धाकट्याला थेट म्हणाला, “साखर दे.” इतपत बरं चाललं होतं. पण हुसेयिन पुन्हा उभा राहिला. म्हणाला, आपण योग्य माणूस बोलावला होता. मित्रासाठी सगळ्या इमारतीसमोर एकट्याने हात वर करणारा माणूसच एका मताची किंमत जाणतो. आणि टाळ्या. नेरीमान उठून आली, तिने माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला. सगळ्यात जोरात टाळ्या नासिर वाजवत होता.

परतताना

पिकअप शेताच्या फाटकातून बाहेर पडली. मागे काकडीचे क्रेट, पुढे आम्ही दोघं, उन्हं कलायला लागलेली. मी म्हटलं, “नासिर, गाडी बाजूला घे.”

“कहवा उलटला ना? तरी म्हणत होतो.”

“घे बाजूला.”

त्याने घेतली. मी विंडशील्डकडे बघत बोललो. बोललो म्हणजे वाचून दाखवल्यासारखं, कारण सोळा वर्षांत त्याची पक्की प्रत तयार होती. मी हात वर केला नव्हता. सर्वानुमते नव्हतं. पाच जणांनी केला होता, आणि ते मी लिहिलं नाही.

त्याने गिअर टाकला. बरक्यापासून हमरियापर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि हमरियाचं वळण आलं तेव्हा ते त्याने घेतलं नाही. तसाच पुढे वादी अदाई नावाच्या वस्तीपर्यंत गेला. तिथे डोंगर दोन्ही बाजूंनी अगदी रस्त्यावर येतात, तपकिरी, गवताचं पान नाही, आणि पायथ्याशी घरांची दाटी. एका किराणा दुकानासमोर त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

“कोण पाच?”

मी नावं सांगितली. गोखले. दोघी जोशी बहिणी. घाटे सर.

“चारच झाले.”

“काकू,” मी म्हणालो. “त्या बोलल्याही होत्या. पोरगा चांगला आहे म्हणाल्या.”

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. मग म्हणाला, “तू मला सांगितलंस, काकू गेल्या. मी काय म्हणालो आठवतं?”

“अच्छा म्हणालास.”

“मी त्या दिवशी तीन ट्रक माल उतरवला. मनात म्हटलं, बघ नासिर, काय फरक पडतो. मला वाटायचं, पहाटे दार वाजवणारी बाई सभेत हात खाली ठेवून बसते, तर मग माणूस ओळखायचा कशावरून? सोळा वर्षं, श्री. इथे कोणी प्रेमाने डबा दिला तरी मी म्हणायचो, ठीक आहे, वेळ आली की कळेल. शमीमला विचार. आणि ती बाई विचारत होती माझी चौकशी?”

“जिन्यात. बरेचदा.”

“आणि तू?”

“कामात असतो म्हणायचो.”

“वा,” नासिर म्हणाला. “वा रे सेक्रेटरी.”

मी माफ कर म्हणालो. तो म्हणाला, ते नंतर बघू, आत्ता मध्ये बोलू नकोस. सानियाला काय सांगायचं ते तूच सांगायचंस, आज, जेवायच्या आधी, मराठीत, आणि तिला कळलं नाही तर पुन्हा. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, सर आहेत का? आहेत, म्हटलं. ब्याऐंशी. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत.

“नंबर सांग.”

नंबर मला पाठ होता. त्याने लावला. पुण्यात तेव्हा सात वाजून गेले असतील, सरांची बातम्यांची वेळ. बराच वेळ रिंग गेली. मग स्पीकर नसतानाही मला ऐकू येईल अशा आवाजात सर खेकसले, “कोण?”

“सर, नासिर.”

“कोण? मोठ्याने बोला!”

“नासिर, सर! नासिर परकार! मागच्या खोलीतला!” किराणा दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. नासिरने आणखी मोठ्याने सांगितलं, आडनावासकट, गावासकट.

मग सरांचा आवाज, जरा खाली आलेला. “मेल्या, त्या खोलीचा पंखा अजून तसाच कुरकुरतो. आहेस कुठे?”

नासिरने तोंडावर हात धरला. तो हसतोय असं मला आधी वाटलं.

सर काहीतरी विचारत होते. श्री तिकडे आलाय ना म्हणे, मीनल सांगत होती, आहे का जवळ, दे त्याला जरा. मी नकळत हात पुढे केला. नासिरने माझ्या हाताकडे बघितलं.

“आहे सर, शेजारीच बसलाय,” तो म्हणाला. “पण त्याला फोन देणार नाही. तो तुमच्याशी रोज बोलतो. आज मला बोलू द्या.”

दार उघडून तो खाली उतरला आणि दुकानाच्या बाजूने डोंगराच्या पायथ्याकडे चालू लागला, एक कान बोटाने दाबून, मोठमोठ्याने बोलत. माझ्या बाजूची काच उघडी होती. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी काच वर केली.